मी न दिलेला नकार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले — आदल्या रात्री झोप झाली होती का? आता तो मला कोणी विचारला तर राग मानणार नाही. झोप झाली होती. भर दुपार होती, डबा खाऊन झाला होता आणि कर्वेनगरच्या आमच्या ऑफिसातला एसी नेहमीसारखा गारठवत होता.

आमची छोटी कंपनी रुग्णवाहिकांचं सॉफ्टवेअर सांभाळते. फोन आला की जवळची गाडी शोधायची, ड्रायव्हरला निरोप धाडायचा. आत बरेच छोटे प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतात. त्या प्रत्येकाच्या दारात एक रखवालदार बसवला, की कोण कोणाशी बोलतं ते दिसतं आणि नको ते अडवता येतं. याला सर्व्हिस मेश म्हणतात. आपल्याला हवे ते बदल फाइलमध्ये लिहायचे, कमांड देऊन ती फाइल टूलच्या हवाली करायची. टूल विचारतं — पुढे जाऊ? वाय की एन, म्हणजे हो की नाही? वाय दिला की झालं.

आमच्याकडे हे पहिल्यांदा बसवलं गिरीशने. धायरीचा, शेतकरी घरातला. त्याने एक रीत पाडली होती. कमांड देणाऱ्याच्या शेजारी दुसऱ्याने बसायचं, फाइल मोठ्याने वाचायची आणि वाय देण्याआधी ‘थांब’ म्हणायचं. मग फाइल पुन्हा पहिल्यापासून. सत्यनारायणाची पोथी लवकर संपते रे, असं मी त्याला म्हणायचे. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला... आणि त्याची रीतही गेली. धायरीला त्याची आई एकटीच राहिली. मी त्यांना मावशी म्हणते; त्यांचा तो एकुलता. मी अधूनमधून रविवारी जाते, चहा घेते. बोलायला फारसं काही नसतं.

त्या दुपारी फाइलमध्ये नवा बदल होता — बाहेरच्या ज्या सेवांची आमच्याकडे नोंद नाही, तिकडे काहीच जाऊ द्यायचं नाही. शेजारी रोहिणी होती. ती नंतर आलेली, गिरीशला तिने पाहिलेलंही नाही. मी कमांड दिली, प्रश्न आला, आणि माझं बोट हलायच्या आत समोर एन उमटला. सगळं रद्द. कीबोर्डचा उद्धार करून पुन्हा दिली. पुन्हा एन. मग बाहेरचा कीबोर्ड काढून ठेवला, लॅपटॉपवरूनच दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. एन.

रोहिणी म्हणाली, मॅडम, आपण उद्या करू या का. पण माझा स्वभाव हट्टी. प्रश्न न विचारता पुढे जायची सोय टूलमध्ये असते, ती लावली. एंटरवर बोट ठेवलं, तोच अगदी कानाशी आवाज आला.

“थांब.”

रोहिणी मला एकेरीत बोलेल? मी चिडून वळले. खुर्ची रिकामी होती. ती बाटली भरायला गेली होती. आणि खरं तर आवाज कोणाचा, ते मला वळायच्या आधीच कळलं होतं. मी घाबरले, सरळ लिहिते. लॅपटॉप मिटून टाकला.

संध्याकाळी मावशींच्या शेजारणीचा फोन आला. मावशी दुपारी अंगणात कोसळल्या होत्या; गाडी लगेच आली म्हणून जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी मी शोध घेतला. धायरीकडच्या गाडीचा ड्रायव्हर अजून बटणांचा फोन वापरतो. त्याला निरोप जातो बाहेरच्या एका जुन्या एसएमएस सेवेतून. ती जोडली होती गिरीशने, आणि नोंद करायची राहून गेली होती. मी तो बदल लावला असता तर निरोप बाहेर पडलाच नसता.

तरीही मी स्वतःची समजूत घातली असती. कीबोर्ड बिघडतात, माणसाला भास होतात. पण हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा मावशी आपणहून बोलल्या. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

“मी निघाले व्हते गं. लई हलकं वाटत व्हतं. त्यो दारात हुबा दिसला. म्हनलं, न्यायला आला. तर हात आडवा धरला आन् थांब म्हनला. येवढंच.” मग म्हणाल्या, “येकटीचं माझं काय ऱ्हायलंय हितं? कशापायी थांबवलं त्यानं?”

ती सेवा नोंदवून मी पुन्हा कमांड दिली. तोच लॅपटॉप. रोहिणीने फाइल दोनदा वाचली, वाय मुकाट्याने गेला. लॅपटॉपमध्ये आजवर काही दोष सापडलेला नाही. झालं ते काय होतं, मला सांगता येत नाही.

मावशींची डावी बाजू गेली आहे. एक बाई येऊन भरवते. आता मी दर रविवारी जाते आणि दर रविवारी त्या तेच विचारतात. मलाही तो थांब म्हणाला होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या विचारतील — मग तू का ऐकलंस?