तारप्याला पाठ

लॉकडाऊनमध्ये लोक घरी पाव भाजायला शिकले. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ल्यूकनच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर, वारली चित्र काढायला घेतलं. गेरू समजून मागवलेला रंग भिंतीवर चढला तो थेट चॉकलेटसारखा. लेक म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा." इथे ग्रँड म्हणजे चालेल, एवढंच. मी ते कौतुक समजून डहाणूच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला.

हा मित्र वारली. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, आता तिकडेच मास्तर आहे. तो आधी पोट धरून हसला.

"अरे, तारपा वाजवणाऱ्याला गोलाबाहेर कशाला हाकललंस? सगळे त्याच्याकडे पाठ करून नाचतायत! आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत."

"पुसतो रे."

"राहू दे. बाहेर काढायची सवयच आहे तुम्हा लोकांना."

हसतच म्हणाला, पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आमची डहाणूची चिकूची वाडी माझ्या आजोबांच्या आधी मित्राच्या घराण्याची जमीन होती. ती आमची कशी झाली, हे आमच्या घरात कुणी विचारायचं नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्या पूर्वजांच्या नावाने मांडलेले दगड अजून वाडीतच आहेत, मोहाच्या झाडाखाली.

दुसऱ्या लाटेत त्याची आई गेली. लहानपणी माझ्या टाचेतला काटा काढता काढता मला शिव्या घालणारी बाई. तिच्या नावाचा दगड त्यांना तिथेच, तिच्या माणसांशेजारी ठेवायचा होता. वाडी बघणाऱ्या माझ्या थोरल्या भावाने फाटकाला कुलूप घातलं. "आज दगड ठेवतील, उद्या जमीन मागतील," असं म्हणाला म्हणे. मित्राने हे मला फोनवर नुसतं सांगितलं. मागितलं काहीच नाही.

भावाशी बोलायचं सोडून मी पुन्हा ब्रश घेतला. शूर माणूस! सगळी भिंत नव्याने रंगवली. तारपेवाला मधोमध, भोवती नाचणारे, मोहाखाली दगड आणि डोक्यावर टोपली घेतलेली त्याची आई. फोटो पाठवला. उत्तर आलं :

"आई छान आलीय. पण तिला आत न्यायचं कुठून?"

बायको हॉस्पिटलची ड्यूटी करून आली तेव्हा मी भिंतीसमोरच बसलो होतो. तिला तो मेसेज दाखवला. मास्कचे वळ उमटलेल्या चेहऱ्याने ती चित्राकडे वळली.

मग म्हणाली, "वाडी तुझ्याही नावावर आहे ना? मग भिंतीला काय सांगत बसलायस? दादांना सांग."