मोठंबेटची सात पार्सलं

आमच्या खारतळ्यात दिपिकाची स्कूटी आधी ऐकू येते, मग दिसते. तिच्या हॉर्नला म्हशी रस्ता सोडतात आणि म्हातारे शिव्या सोडतात. माहेर तिचं अष्टमीचं, रोह्याच्या पुलापलीकडचं. लग्न होऊन आली तेव्हा खाडीच्या चिखलात पाय घालताना नाक मुरडायची. आता तीच बाई पेणच्या खारपट्टीतल्या नऊ गावांत ऑनलाइनची पार्सलं वाटते. सात वर्षं झाली.

कुणाकडे नवा मिक्सर आला, कुणी नवऱ्याला न सांगता साडी मागवली, कोण वजन उतरवायची पावडर खाऊन आणखी फुगलंय, सगळं तिला ठाऊक. आणि तोंडातून एक अक्षर काढील तर शपथ! एवढा खजिना भिंतीपलीकडे आणि शेजारीण मी. माझ्यासारखीवर हा अन्यायच आहे.

ज्या मोठ्या कंपनीची ही पार्सलं, ती इतकी वर्षं माल विकायची आणि दारापर्यंत पोचवायचं काम दिपिकासारख्यांना द्यायची. यंदा कंपनीच्या मनात आलं, गोदाम आपलं, टेम्पो आपला, मग दाराशी उभा राहणारा माणूसच परका कशाला? रोह्याशेजारी वरसेला गोदाम झालं. महिन्याभरात रोहा आणि अष्टमी निळ्या शर्टातल्या कंपनीच्या पोरांनी घेतली. बारा वर्षं तिथे पार्सलं वाटणारा निलेश आता भावाच्या दुकानात झेरॉक्स काढतो. दिपिकाने हे सासऱ्याला, म्हणजे नाथाकाकांना सांगितलं तेव्हा ओट्यावर मीही होते. मी मुद्दाम नव्हते गेले, भांडं परत द्यायला गेले होते.

मग पाळी आली पेणची. दिवाळीच्या तोंडावर, कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा गोदामाचा साहेब मितेश सकाळी आठलाच दारात हजर. गोरा, बारीक, पांढरे बूट. पांढरे! खारपट्टीत!

"दिपिकाताई, आज मी तुमच्या मागे बसणार," तो म्हणाला. "चाळीस पार्सलं आहेत. चार वाजेपर्यंत सगळी गेली पाहिजेत. गेली, तर ही नऊ गावं तुमच्याकडे ठेवा असं मी वर लिहितो. एक जरी राहिलं, तर पुढच्या सोमवारपासून आमची पोरं येतील."

"आन् राहिलंच, तर तुमची पोरं काय उडून जातील?" मी कुंपणावरून विचारलं.

"वयनी," दिपिका वळली, "तुमचा चहा उतू चाललाय."

चहा ठेवलेलाच नव्हता. पण मी गेले आत.

पुढचं काही मी पाहिलं, काही नंतर दिपिकाकडून काढलं आणि उरलेलं मितेशकडून. दोघं वेगवेगळं सांगतात, मी जोडून सांगते.

बारापर्यंत बावीस पार्सलं गेली. उरली अठरा. त्यांतली सात मोठंबेटची. मोठंबेट म्हणजे खाडीत घुसलेली चाळीसेक घरं, आणि तिथे जायला एकच वाट, समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध. दोन वर्षांपूर्वी तो मधेच फुटला. दगडमाती टाकून बुजवला, पण तेवढा तुकडा खालीच राहिला. त्याला आम्ही खांड म्हणतो. मोठ्या भरतीच्या आधी दोन तास खांडीवर पाणी चढतं आणि नंतर दोन तासांनी उतरतं. मितेशच्या फोनमध्ये मात्र ती सरळ निळी रेघ होती, अकरा मिनिटांची.

भरतीची वेळ काढायला आमच्याकडे फोन लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चौथ असेल तर तीन वाजता पाणी पूर्ण. त्या दिवशी संकष्टी. दिपिकाचा उपास, माझा उपास, अर्ध्या पेणचा उपास. संकष्टी म्हणजे चौथ, चौथीची भरती तीनला, म्हणजे खांड एकपर्यंत मोकळी. तिने मनात हिशेब केला आणि सव्वाबाराला स्कूटी बांधावर घातली.

खांड तेव्हा कोरडी होती. ओलसर म्हणा. पलीकडे जाऊन तिने धावत सात दारं केली. शेवटच्या घरी आजीला पार्सल घेताना सांगायचा फोनवरचा नंबर वाचता येईना, तो शेजारच्या पोरीने वाचून दिला. पावणेएकला दोघं परत खांडीवर आली आणि दिपिकाने ब्रेक दाबला.

खांडीवर पाणी होतं. नुसतं साचलेलं नाही, धावणारं. खाडीकडून शेताकडे, दोन माणसं लांबीने झोपतील एवढ्या रुंदीचा पट्टा, आणि आवाज करत.

"गुडघाभर असेल," मितेश म्हणाला. "काढा गाडी. अकरा पार्सलं राहिलीत."

"नाय."

"ताई, सव्वातीन तास आहेत फक्त."

"सर, ह्या ओढीत मागल्या साली म्हैस गेली. उभी म्हैस."

तो खाली उतरला आणि एक पांढरा बूट पाण्यात घातला. पाण्याने पाय असा खेचला की तो दिपिकाच्या ओढणीला धरूनच सरळ झाला. बूट गेला. शेतात कुठे तरी असेल अजून. त्यानंतर गाडी काढायची भाषा त्याने केली नाही.

मोठंबेटची जनी चिंबोऱ्या म्हणजे खेकडे पकडायला छोटी होडी घेऊन निघाली होती. दिपिकाने हाक मारली.

"जनीआते! आमाला पल्याड सोड गो!"

"आता?" जनी हसली. "ओढ बघतंस ना? दोघांना घेऊन होडी भाताच्या शेतात जायाची. पाणी भरून थांबू दे. सव्वादोनला सोडतं."

"सव्वादोनला कसं? तीनला भरल ना. चौथ हाय आज."

"कोन बोलला चौथ? चौथ दुपारची लागतंय. सकाळधरनं तीजच हाय."

दिपिका तिथेच बांधावर बसली.

तिच्या लक्षात आलं काय झालं ते. संकष्टी धरतात ती चंद्र उगवताना चौथ असेल त्या दिवशी. चंद्र रात्री उगवणार. पण पाण्याला आपल्या उपासाशी काय देणं? ते तिजेच्या हिशेबाने पाऊण तास आधी आलं होतं. सात वर्षांत ही चूक तिने कधी केली नव्हती आणि केली ती नेमकी साहेब मागे बसलेला असताना.

दीड तास दोघं बांधावर. डोक्यावर आश्विनाचं ऊन, बाईच्या पोटात सकाळपासून पाणी तेवढं. मितेश दर पाच मिनिटांनी फोन बघे. जनी होडीत बसून त्याच्या एका बुटाकडे बघे.

"काय गो दिपिका, ह्ये सायेब कंपनीत अर्धे पायानं येतात काय?"

दिपिकाला हसू आलं नाही. मितेशला आलं, म्हणे. मला ते खरं वाटत नाही.

सव्वादोनला पाणी थबकलं. स्कूटी बेटावर सोडली, अकरा पार्सलं होडीत घातली. पावणेतीनला होडी अल्याड लागली तेव्हा नाथाकाका आणि मी बांधावर उभेच होतो.  पोतं पाठीवर घेऊन दिपिका शेजारच्या गावाकडे चालत सुटली. मितेश एका बुटाने मागे. थोड्या वेळाने त्याने तोही काढून हातात घेतला आणि दुसऱ्या हातात पाच खोकी घेतली. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या गावातली पाच पार्सलं साडेतीनला संपली. येताना विटांचा ट्रॅक्टर मिळाला. खारतळ्यात शिरली तेव्हा चारला बारा कमी. पाच दारं केली. सहावं दार माझं. आणि माझ्या दाराला कुलूप.

आता काय सांगू! माझी हळदकुंकवाची पुडकी उद्या येणार असा मला निरोप होता, आणि बांधावर माझ्यासमोरून जाताना पोत्यात माझंच पार्सल आहे हे घाईत दिपिकाच्याही ध्यानात आलं नाही. मी बांधावर नाथाकाकांबरोबर, स्कूटी कशी परत येते ते बघत.

"घर बंद लिहा," मितेश म्हणाला. "खोटं नाहीये ताई. कुलूप आहेच. गिऱ्हाईक घरी नसेल तर ते पार्सल राहिलेलं धरत नाहीत."

चारला दोन मिनिटं होती. तिच्या अंगठ्याखाली ते बटण होतं. एकदा दाबलं की नऊ गावं तिची.

"मी वेळेवर आले असते तर वयनी घरातच असती," ती म्हणाली. "ती बांधावर हाय ती माझी गंमत बघायला. तीज होती, मी चौथ धरली. तेच लिहा."

मला कुणी तरी ओरडून बोलावलं. मी धावले, आयुष्यात धावले नव्हते इतकी. नंबर सांगितला तेव्हा चार वाजून सहा मिनिटं झाली होती. दिपिकाने पार्सल माझ्या हातात दिलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं. भिंतीला कान लावला. रडत नव्हती. भांडी घासत होती, जोरात.

दोन दिवस काही कळलं नाही. मग शनिवारी मितेशचा फोन. मी तिथेच होते, यावेळी भांडं घ्यायला. कंपनीने ठरवलं होतं: रस्त्यालगतची चार गावं निळे शर्टवाले करतील, बांधापलीकडची पाच दिपिकाने करावीत.

दिपिका ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्हणजे डांबर तुमचं आन् चिखल माझा? तसं नाय सर. चार गावांच्या जोरावर मी ती पाच करते. नऊच्या नऊ द्या. नायतर पाचपन तुमच्या पोरांना द्या. एकेक बूट जास्तीचा द्या फक्त."

फोन बंद. नाथाकाकांनी डोक्याला हात लावला. मी भांडं तिथेच विसरून घरी आले.

सोमवारी कंपनीची दोन पोरं आलीच. बुधवारी पाच गावांची पार्सलं पेणला पडून, दिवाळी पाच दिवसांवर, आणि मोठंबेटहून जनीच्या सुनेची तक्रारीवर तक्रार. गुरुवारी टेम्पो सरळ दिपिकाच्या दारात उभा राहिला. आम्ही पोती मोजली. नऊ.

कंपनीच्या फोनमध्ये माल पोचायची वेळ लिहायला चौकट आहे, पण पाण्याची वेळ लिहायला नाही. त्यामुळे आता रोज सकाळी साडेसातला वरसेहून मितेशचा फोन येतो, "दिपिकाताई, आज बेटाला कितीला?" ती आधी पोळी उलटते, मग सांगते. तिने सांगितलेली वेळ तो तिकडे भरतो आणि मोठंबेटच्या सगळ्या फोनांवर ती कंपनीच्या नावाने येते.