मामांच्या घरगाडीतल्या मुंग्या

माझे मामा चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. म्हणजे चौतीस वर्षं गाडीत होते आणि चौतीस वर्षं उभे होते. मामी इस्पितळात नर्स. तीही जवळजवळ तेवढीच वर्षं उभी. दोघांचे पाय एकाच महिन्यात निवृत्त झाले, बाकीचे अवयव मागाहून, जसं जमेल तसे. पण बसायची सवय मोडलेली ती मोडलेलीच. मामा अजूनही टीव्हीवरच्या बातम्या दाराच्या चौकटीला टेकून बघतात, आणि एक हात वर, तिथे नसलेल्या दांडीला धरलेला. बसथांब्यावरचे लोक त्यांना ‘पुढेसरके’ म्हणायचे. दिवसातून हजार वेळा तेच बोलणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

निवृत्तीनंतर मामांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन पलंग, एक शेगडी, बेसिन आणि फडताळ, बाहेर दुमडता येणारी पायरी. सगळे नातेवाईक म्हणाले, आता या वयात कशाला हे लचांड? मामा म्हणाले, “आयुष्यभर गाडीत उभा राहिलो. आता गाडीत आडवा होणार.”

आणि मामीला त्यांनी एक शब्द दिला. मामीने नोकरीत लोकांची कपाळं पुसली, पाठी पुसल्या, नको नको ते पुसलं, आणि घरी येऊन ओटा पुसला. मामा म्हणाले, “या गाडीत तुला काही म्हणजे काही पुसावं लागणार नाही. फडकं माझ्याकडे.”

सहा वर्षं हा शब्द त्यांनी पाळला, फक्त मुंग्यांनी तो पाळू दिला नाही. गाडी कुठेही उभी करा, नदीकाठी करा, मोकळ्या माळावर करा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी बेसिनपाशी मुंग्यांची रांग तयार. मामांना दिसायच्या आधी ती मामीला दिसायची, आणि मुंगी दिसल्यावर फडकं न उचलणं हे मामीच्या हाताला जमणारं नव्हतं. शेवटी मागच्या सहलीत ती फडकं पिळता पिळता थांबली आणि म्हणाली, “अहो, विका ही गाडी. पुसायचं तर मला घरीही पुसता येतं. त्यासाठी एवढ्या लांब कशाला यायचं?”

ती चिडून म्हणाली असती तर मामांनी मनावर घेतलं नसतं. पण ती दमून म्हणाली होती.

गिऱ्हाईकही समोरच होतं. शेजारच्या जागेवर तंबू ठोकून राहिलेले एक दातांचे डॉक्टर गाडीवर डोळा ठेवून होते. मामांनी गयावया करून एक शेवटची सहल मागून घेतली. त्याच मैदानावर, चार दिवस. चौथ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर येणार. तोवर आत मुंगी दिसली तर गाडी त्यांची, नाही दिसली तर मामांची.

“एखादी चालेल ना?” मामांनी विचारलं. “चुकून आलेली?”

“वॉर्डात ढेकूण सापडला तर तो चुकून आला म्हणून आम्ही सोडून देत होतो का?” मामी म्हणाली. विषय संपला.

मला बरोबर नेलं ते प्रेमापोटी नव्हे. मामांचे गुडघे आता वाकत नाहीत आणि गाडीखाली शिरायला वाकणारा माणूस लागतो. मीही पंचेचाळिशीचा, कचेरीत बसून बसून पाठीचं लाकूड झालेला. पण भाचा हा कितीही जुना झाला तरी भाचाच. “तू वाक, मी सांगतो,” असं म्हणून मामा खुर्चीशेजारी उभे राहिले.

पहिला दिवस तटबंदीत गेला. गाडीच्या चार टेकूंखाली चार डबे, डब्यांत पाणी. चारी चाकांभोवती पांढऱ्या पावडरीचं कडं. विजेच्या खांबापासून येणाऱ्या वायरीला वीतभर ग्रीस. पाण्याच्या नळीला ग्रीस. पायरी जमिनीला टेकते तिथे पुन्हा पावडर. वर झाडाची एक फांदी टपाला टेकू पाहत होती, म्हणून गाडी चार हात पुढे घेतली, म्हणजे पुन्हा चार डबे, पुन्हा चार कडी. संध्याकाळी मी गाडीखालून निघालो तेव्हा मामी म्हणाली, “अरे, तोंड तरी धू. तुझ्यावर एवढी पावडर आहे की तुझ्या अंगावर मुंगी चढायची नाही.”

आत कडक शिस्त. खायचं ते बाहेर खायचं. डबे घट्ट, डब्यांवर पिशव्या, पिशव्यांवर रबर. बिस्किटाचा कण पडला तर मामा तो पुरावा असल्यासारखा चिमटीत धरून कचऱ्यात नेऊन टाकत.

दुसऱ्या दिवशी मुंगी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण सुट्टीही नाही. मामा तासातासाला गाडीला फेरी मारत होते, चारी डब्यांतलं पाणी बघत होते. फेऱ्यांच्या मध्ये दारात उभे, एक हात वर. डोळ्यांखाली काळं आलेलं.

“मामा, बसा की जरा.”

“बसलो की डोळा लागतो. डोळा लागला की कुणीतरी चढतं. चौतीस वर्षांचा अनुभव आहे.”

मामी आत पलंगावर आडवी व्हायची, आणि दारात नवरा उभा असताना झोप येत नाही म्हणून उठून बसायची. “अहो, तुम्ही उभे राहिलात की मला वाटतं माझा स्टॉप आलाय,” ती म्हणाली. मी खुर्चीत पाठ धरून पडलेला. आसपासच्या तंबूंतले लोक पत्ते खेळत होते, पोहत होते. आम्ही तिघं विश्रांतीला आलो होतो आणि विश्रांतीने आमचा जीव मेटाकुटीला आणला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा प्रथमच हसले. आता उरली एकच सकाळ. त्या आनंदात त्यांनी मामीसाठी आत चहा ठेवला. साखरेचा चमचा बेसिनच्या कडेवर कलला, थोडी साखर मागच्या फटीत गेली. त्यांनी कड पुसली. फटीत शिरेल इतकं बारीक बोट त्यांच्याकडे नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मला जाग आली ती शांततेने. मामी बेसिनसमोर उभी होती. हातात फडकं. समोर रांग.

मामा मागून आले, त्यांनी रांग पाहिली, आणि वरचा हात हळूच खाली आला.

“मी बाहेर बघतो,” ते म्हणाले.

बाहेर सगळं जसंच्या तसं होतं. डब्यांत पाणी, चाकांभोवती कडी, वायरीवर ग्रीस. मी गाडीखाली तीनदा जाऊन आलो. एका मुंगीचं पाऊल कुठे उमटलेलं नव्हतं. मामा पायरीवर बसले. चार दिवसांत पहिल्यांदाच बसले. मी शेजारी बसलो. दोघं खाली बघत होतो.

पायरीवरून एक मुंगी उतरत होती. ती जमिनीवर आली, पावडरीच्या कड्यापाशी पोचली, थांबली, मिशा हलवल्या, आणि मागे फिरली. मग दुसरी आली. तीही मागे फिरली.

मामांनी कड्याकडे बोट दाखवलं.

“ही कड्याच्या आत आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“म्हणजे हिला आत यायचं नाहीये. हिला बाहेर जायचंय. आणि मी तिला जाऊ देत नाहीये.”

आम्ही आत गेलो. बेसिनखालच्या फळीचे चार स्क्रू मी काढले. फळी सुटली आणि मामीने पटकन तोंडावर हात धरला. भिंतीच्या पोकळीत मुंग्यांचं अख्खं गाव होतं. पांढऱ्या अंड्यांचे ढीग आणि त्यांच्यावरून धावाधाव.

गाडी वर्षातले अकरा महिने घरामागे कुंपणाला लागून उभी असते. गर्दी तिथेच चढलेली होती. सहा वर्षं मामा तिला प्रत्येक मैदानावर फिरवून आणत होते आणि बाहेरून कुणी चढू नये म्हणून पहारा देत होते.

मामा भिंतीला टेकून म्हणाले, “दारातून चढणाऱ्यांकडेच बघत राहिलो ग. आत आधीच कोण बसलंय ते मोजलंच नाही. नवा कंडक्टरही असं करत नाही.”

“औषध मारू?” मी विचारलं.

मामांनी अंड्यांकडे पाहिलं, मग मामीकडे. “मारलेल्या सगळ्या पुसायच्या कुणी?” ते म्हणाले. “उतरवू या.”

मग जे दिवसभर खपून बांधलं ते आम्ही अर्ध्या तासात मोडलं. वायरीवरचं ग्रीस पुसलं, पायरीखालची पावडर मामांनी चपलेने उडवली. पोकळीच्या बाहेरच्या बाजूला एक झडप होती, ती उघडून दिली. सकाळचं ऊन सरळ अंड्यांवर पडलं. मामांनी बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा टकटक केलं, बस सोडताना करायचे तसं. मुंग्यांचं गाव हललं. दहा मिनिटांत वायरीवरून एक काळी रेघ खांबाकडे निघाली, प्रत्येकीच्या तोंडात एकेक पांढरा दाणा.

डॉक्टर बरोबर दहाला आले. स्वच्छ पांढरे दात, पांढरा शर्ट. मामा उठले, खिशातून चावी काढली आणि मुठीत धरून उभे राहिले. ठरलं होतं ते ठरलं होतं, आणि मुंगी दिसली होती.

“सांगायला हवं,” मामी पुढे होऊन म्हणाली. “गाडीच्या भिंतीत मुंग्या आहेत.”

डॉक्टर हसले. “थोड्याफार असणारच.”

“थोड्याफार नाहीत. गाव आहे. अंड्यांसकट. सहा वर्षं आहेत.”

“म्हणजे औषध मारलं की...”

“नर्स होते मी,” मामी म्हणाली. “पुन्हा होणार नाही असं मी पेशंटला कधी सांगितलं नाही.”

डॉक्टरांनी आत डोकावून उघड्या फळीकडे पाहिलं. मग शर्टाच्या बाहीवरून नसलेली मुंगी झटकली आणि घरी विचारून कळवतो म्हणाले. आमचे आभार मानून ते इतक्या भराभर निघाले की वायर ओलांडताना अडखळले.

“अगं,” मामा म्हणाले, “निघाल्यात की त्या! अर्ध्या उतरल्यासुद्धा.”

“मग अर्ध्या आत आहेत ना? मी खोटं बोलले का?”

मामा वायरीवरच्या रांगेकडे बघू लागले.

“ते बेसिन राहिलंय,” मामी म्हणाली. तिने फडकं मामांच्या हातात ठेवलं, मुठीतली चावी काढून खिळ्याला लावली, चपला पायरीखाली सोडल्या आणि आत जाऊन आडवी झाली. तिची पावलं पलंगाबाहेर राहिली होती. टाचांना भेगा, दोन्ही अंगठ्यांवर जुन्या बुटांचे घट्टे. पाच मिनिटांत घोरण्याचा आवाज येऊ लागला.

मामांनी बेसिन पुसलं. सावकाश, फटीसकट, फडक्याचं टोक काडीला गुंडाळून. मग बाहेर येऊन पायरीवर बसले. उरलेल्या मुंग्या आता पायरीवरूनही उतरू लागल्या होत्या आणि त्यांच्या चपलेपाशी घोटाळत होत्या. मामांनी पाय जवळ ओढून वाट करून दिली.

“पुढे सरका,” ते म्हणाले, पण आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू.