सात नवे बासष्ट

"कोण न्हाई आलं?"

वर्गात पाऊल टाकताच शिष्टरबाई हेच विचारायच्या. आलेल्या पोरींची हजेरी त्यांनी कधी घेतलीच नाही. "आलेल्या दिसतात की," म्हणायच्या. न आलेलीचं नाव कळलं, की मधल्या सुट्टीत काळी छत्री उघडून थेट तिच्या दारात.

त्या मंगळूरकडच्या ख्रिस्ती जोगीण. सेलूला कापसाच्या जिनिंगच्या मागं दोन खोल्यांत त्यांचा पोरींचा मदरसा; तेव्हा आम्ही शाळेला मदरसाच म्हणायचो. निजामाचं राज्य, सरकारी मदरशात सगळं उर्दूत, आणि तेही पोरांसाठी. आम्हाला मराठीत शिकवणारं दुसरं होतं कोण? बाईंची मराठी बाजारातल्या माळणींकडून आलेली. देवाचं नावसुद्धा "लय ग्वाड" असायचं. आम्ही परकरात तोंड खुपसून हसायचो.

कुणाच्या घरात त्या शिरायच्या नाहीत. ओट्यावर बसायच्या. "मी बसते. घाई न्हाई." बायका कपाळाला हात लावायच्या, "आली बया ठाण मांडायला!"

माझ्या शेजारी बसणाऱ्या गंगीला एकदा तिच्या आजीनं धान्याच्या रिकाम्या कणगीत दडवलं. धाकटं भावंड सांभाळायला कोणी नव्हतं ना! "गंगी गावाला गेलीय," आजी म्हणाली. बाई बसल्या आणि मोठ्यानं पाढा म्हणायला लागल्या. "सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे चोपन्न..."

कणगीतून आवाज आला, "छप्पन्न, बाई!"

आजीसुद्धा हसली हो. दुसऱ्या दिवशी गंगी वर्गात हजर.

हसलात ना तुम्हीही? आता माझं ऐका.

मी चौथीत होते. "पुढल्या साली तुला हैदराबादेला धाडते, तू मास्तरीण व्हायचं," असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. मीही ठरवलं होतं. तेवढ्यात झरीचं स्थळ आलं आणि माझा मदरसा बंद करायची अट आली. वडील तहसिलीत पेशकार. म्हणाले, "शिकवून काय पेशकार करायचंय हिला?"

तिसऱ्या दिवशी बाई आमच्या ओट्यावर. वडिलांनी हात जोडले, "बाई, पोर घरात न्हाई. तुमी उगं उन्हात बसू नका."

"मी बसते. घाई न्हाई."

आत आईनं माझा हात आपल्या गळ्यावर ठेवला. "आवाज केलास तर माझी शपथ हाय."

बाहेर सुरू झालं. "सात नवे बासष्ट." जरा थांबल्या. पुन्हा, "सात नवे बासष्ट."

मधे नुसती एक भिंत. त्रेसष्ट माझ्या जिभेवर होतं. ऊन ओट्यावरून उतरलं, बाईंचा घसा बसला, तरी त्या म्हणतच होत्या. मी बोलले नाही. शपथ मोडली म्हणून आई काय मरणार होती? पण भ्याले. मेली ती भीती! शेवटी त्यांच्या चपला वाजल्या आणि बोळ सुना झाला.

लग्न होऊन झरीला आले. पुढं रझाकारांच्या धामधुमीत मदरसा बंद पडला. बाईंना त्यांच्या मठानं गाडीत बसवून नेलं, एवढंच कळलं. कुठं, ते कुणी सांगेना.

दोन-चार महिन्यांनी माझ्या नावानं पाकीट आलं. मालकांनी उभ्यानंच फोडलं. मी भाकरी थापत होते. अक्षर लांबूनही ओळखलं मी.

"काय लिव्हलंय?"

"खुशाली विचारलीय," म्हणाले, आणि पाकिटासकट सगळं चुलीत सारलं. पत्ताही त्यातच गेला. मला वाचता येत होतं, तरी पिठाचा हात पुढं झाला नाही. तव्यावरची भाकरी करपली, त्यावरून सासूनं बोलून घेतलं.

चार पानं होती. दोन्ही अंगांनी गच्च भरलेली. तुम्हीच सांगा, चार पानं भरून कुणी नुसती खुशाली विचारतं का हो?