पतीस सूचना दिली

जयगडच्या बंदरातून पडाव (उतारूंची होडी) निघाला तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. तिच्या शिडीला पडाव लागला की बायका नेहमी ओरडतात तशा त्या दिवशीही ओरडल्या, आणि खलाशांनी त्यांना पेट्यांसकट वर ओढून घेतले. तीन वर्षांपूर्वी याच शिडीवरून वत्सलेला, माझ्या पत्नीला, दोघांनी उचलून वर नेले होते. या खेपेला मी एकटा होतो. माझ्याजवळ एक पिशवी होती आणि तिच्यात एक पत्र.

आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी पूर्वी दोनदा प्रवासवर्णने लिहिली आहेत. वाचणारे सगळे ओळखीचे असतात, म्हणून देवळे, डोंगर आणि जेवणखाण एवढेच लिहिण्याची माझी सवय. हे लिखाण तसे होणार नाही. वत्सलेला ओळखणारे लोक हे वाचतील, हे मला ठाऊक आहे.

पत्र परळकडच्या एका रुग्णालयातून आले होते. त्याचे नाव येथे लिहीत नाही. गर्भाशयाच्या कर्करोगावर तेथे उपचार घेतलेल्या स्त्रियांची पुढे काय स्थिती झाली, याची पाहणी चालू होती. रुग्ण हयात असल्यास तिने यावे, नसल्यास पतीने यावे, असे लिहिले होते. वत्सला जाऊन सहा महिने झाले होते. पत्राला उत्तर लिहून भागले असते. तरी मी निघालो, कारण मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती.

रेडियमचे आणि विजेच्या शेकाचे उपचार संपले, त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले होते की, पत्नीपासून अंतर ठेवा. मी ते पाळले. घरी आल्यावर माझे अंथरूण पडवीत नेले. वत्सला आणखी अडीच वर्षे जगली, त्यांतली पहिली दोन वर्षे चांगली हिंडतीफिरती होती. एकदा तिने विचारले, "पडवीत गार लागत नाही का?" मी म्हणालो, "वाचत पडतो. दिव्याचा तुला त्रास नको." तिने पुन्हा विचारले नाही. ती गेल्यावर मला शंका येऊ लागली. ती सूचना कायमची होती का? एवढेच मला विचारायचे होते.

बोट दाभोळ, हर्णै करीत संध्याकाळी भाऊच्या धक्क्याला लागली. धक्क्यावर सुक्या मासळीचा वास, हमालांचा गलका आणि भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलेले 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. 'झालाच' शब्दाखाली कोणीतरी दोन रेघा ओढल्या होत्या.

मुक्काम गिरगावात, वत्सलेची थोरली बहीण अक्का हिच्याकडे होता. दोन खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी. (मुंबईत चाळीच्या लांब सज्जाला गॅलरी म्हणतात. आपल्याकडच्या पडवीचे सगळे काम ती करते, फक्त ती बावीस घरांची असते.) माझे साडू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतात. संयुक्त महाराष्ट्र समितीची पत्रके त्यांच्याच हातून जातात, त्यामुळे त्यांची बोटे काळी आणि बोलणे जोरात.

"या मास्तर!" ते म्हणाले. "बरोब्बर वेळेला आलात. उद्या लालबागहून मोर्चा आहे. सोबत चला, कोकणचा एक गडी वाढेल."

"उद्या मला रुग्णालयात जायचं आहे."

"आता कशाला?" हे अक्काने आतून विचारले. त्या दिवशी ती माझ्याशी प्रथमच बोलत होती.

"त्यांचं पत्र आलंय. चौकशी करतायत."

"आता चौकशी," ती म्हणाली आणि ताट ठेवून आत गेली. भात, कोलंबीचे सार, तळलेला बोंबील, सगळे होते. वत्सला होती तेव्हा हीच अक्का मला आग्रह करकरून वाढत असे. त्या दिवशी तिने भाताचे भांडे माझ्याजवळ ठेवले आणि पाठ फिरवली. साडू खाली बघून जेवत राहिले. बहिणीचे दुःख आहे, असे मी मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामने निघालो. लालबागच्या अलीकडे ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे माणसेच माणसे होती. कुठल्यातरी गिरणीचा भोंगा (पाळी सुटल्याची शिट्टी) झाला आणि फाटकातून आणखी माणसे बाहेर आली. केसांत कापसाचे तंतू, हातात डबे. मी उतरून कडेकडेने चालू लागलो. एक कामगार माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "मास्तर, हिकडं या की, मधी! कडंनं काय चालताय?"

"मला इस्पितळात जायचं आहे."

"कोण हाय तिथं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग दोन्ही हातांनी गर्दी बाजूला सारत मला परळच्या वळणापर्यंत पोचवले आणि घोषणा देत परत गेला.

रुग्णालयाच्या बाकावर माझ्याशेजारी एक कोळीण बसली होती. शीव कोळीवाड्याची, मासळी विकणारी. वय वत्सलेएवढेच असावे. डोक्यात फूल, हातांत हिरव्या बांगड्या, आणि पलीकडे टोपी गुडघ्यावर ठेवून बसलेला तिचा नवरा. तिलाही तोच रोग झाला होता आणि त्याच वर्षी तेच उपचार झाले होते. हे सगळे तिने मी न विचारताच सांगितले.

"तुमचं मानूस कुठं हाय?"

"ती गेली."

"अगो बाय," ती म्हणाली आणि बाकावर जरा माझ्याकडे सरकली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत एक बाई दागदर हाय. ती नको नको ते इचारते. घाबरू नका. मना इचारलं, नवऱ्याबरोबर नीट हाय का? मी म्हटलं, हाय तर!"

"ए, गप की," नवरा म्हणाला.

"ह्यो बघा, अजून लाजतंय. तवाबी असाच लाजत हुता." ती माझ्याकडे वळली. "मी घरी जायला निघाली तवा मोठा दागदर म्हनला, नवऱ्याला लांब ठेव. मी म्हटलं, किती दीस? तो म्हनला, दीड म्हयना. मी म्हटलं, लिवून दे बाबा, नाय तर ह्याला पटायचं नाय. सगले हसले. पन दिलं लिवून! ह्यानं तो कागद भिंतीला लावला नि रोज एक रेघ मारत बसला."

"तू मारत हुतीस रेघा," नवरा म्हणाला.

दोघेही हसले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. दीड महिना, हे शब्द मला नीट ऐकू आले होते. तरी मी विचारले, "प्रत्येकाला तेवढंच सांगतात का?"

"ता मना काय म्हाईत? इचारा की."

आत तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, दादरच्या राहणाऱ्या. बोलणे स्वच्छ आणि हळू. त्यांच्यापुढे छापील कागद होता. मृत्यूची तारीख, शेवटच्या महिन्यांतले दुखणे, वजन, घरकाम जमत होते का, असे एकेक विचारून त्यांनी लिहून घेतले. मग पेन खाली ठेवले.

"पुढचा प्रश्न मी माझ्याकडून घातला आहे. मोठ्या डॉक्टरांना तो पसंत नाही. ते म्हणतात, बाई जगली हे पुरे, बाकीचं कशाला विचारता? तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. उपचारांनंतर तुमचे पती-पत्नी म्हणून संबंध पुन्हा सुरू झाले का?"

"नाही."

"कारण? त्यांना वेदना होत होत्या, भीती होती, इच्छा नव्हती—"

"आम्हाला मनाई होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, उठून कपाटातून वत्सलेची जुनी फाईल आणली आणि शेवटचे पान उघडले. इंग्रजी अक्षर वाकडे होते, पण मला वाचता आले. पतीस सूचना दिली, दीड महिना. खाली सही.

"दीड महिनाच," त्या म्हणाल्या. "नंतर काही अडचण नव्हती. उलट नंतर संबंध असलेले बरे, असं आम्हाला वाटतं. नाहीतर आतली जागा आकसत जाते आणि तपासणीसुद्धा त्रासाची होते. अजून आम्हाला खात्री नाही, म्हणून तर विचारते आहे." मग घाईने म्हणाल्या, "त्यांचा आजार त्यामुळे उलटला नाही हं. तो उलटणारच होता. तसं मनात आणू नका."

वत्सलेच्या शेवटच्या तपासणीला मी दाराबाहेर उभा होतो. आतून तिचे ओरडणे मी ऐकले होते. ते बाईंना सांगितले नाही.

"पण तुम्हाला किती दिवस ते सांगितलं नव्हतं का?" त्यांनी विचारले.

सांगणार होते. मला तो क्षण स्पष्ट आठवतो. मोठे डॉक्टर मराठीतच बोलत होते. "पत्नीपासून अंतर ठेवा," ते म्हणाले, आणि "किती दिवस ते—" असे पुढे बोलू लागले. माझ्या शेजारी माझे सासरे उभे होते. त्यांच्या मुलीविषयी त्यांच्यादेखत हे बोलणे माझ्याने ऐकवेना. मी हात जोडून म्हणालो, "समजलं, समजलं." डॉक्टर थांबले. ते कामाचे गृहस्थ. समजले म्हणणाऱ्याला पुन्हा कशाला सांगतील? आत जाऊन त्यांनी लिहिले, पतीस सूचना दिली. त्यात खोटे काहीच नव्हते.

"इतर, असं एक घर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिथे काय लिहू?"

"पतीने विचारले नाही, असे लिहा."

त्यांनी लिहिले. अक्षर सुंदर होते.

बाहेर येऊन मी समोर आलेल्या ट्राममध्ये बसलो. बऱ्याच वेळाने वाहक म्हणाला, "उतरा मास्तर, दादर आलं. पुढं ट्राम नाय."

"मला गिरगावला जायचं होतं."

"मग उलटे बसलात की!"

दादरला फुलांच्या बाजारापर्यंत उगाच चालत गेलो. एका उपाहारगृहात मिसळ मागवली, ती तशीच टाकून उठलो. या शहराविषयी आणखी काही लिहावे असे मी पाहिले नाही.

गिरगावात परतलो तेव्हा साडू मोर्चातून आले नव्हते. अक्का गॅलरीत तांदूळ निवडत होती. मी उंबऱ्याशी बसलो आणि तिला सगळे सांगितले. अशा गोष्टी मेहुणीशी बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, पण आता रीत सांभाळून काय उरले होते? तिने सूप खाली ठेवले.

"ती मला म्हणाली होती," अक्का म्हणाली. "दिवाळीला आली होती ना, तेव्हा. म्हणाली, त्यांना माझी किळस येते गं अक्का. अंथरूण बाहेर नेलंय. मी म्हटलं, पुरुषांची जातच तसली. तेव्हापासून मी तुम्हाला मनातून शिव्या देते आहे."

"मला वाटत होतं, जवळ गेलो तर तिला इजा होईल."

"मग हे तिला सांगायचं की! तोंड नव्हतं?"

"तिला माहीत असेल असं वाटलं."

"कसं माहीत असेल? तिला कोणी सांगितलं?" अक्काचा आवाज चढला. शेजारचे दार उघडले आणि पुन्हा मिटले. "एवढी पुस्तकं वाचता तुम्ही. माझी बहीण तुमच्या घरात अडीच वर्षं झुरत राहिली, आणि तुम्ही पडवीत पुस्तकं वाचत होतात!"

रात्री जेवताना तिने मला भात वाढला, पण ते कीव येऊन वाढणे होते. आदल्या दिवशीचा तिचा राग मला परवडला असता.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने निघालो. समुद्र शांत होता. डेकवर माणसे चळवळीवर वाद घालत होती, मुंबई मिळणार की नाही यावर. मी ऐकत होतो. इतकी माणसे हवे ते मोठ्याने मागत होती, आणि मी एक प्रश्न मागच्या तीन वर्षांत कोणालाही विचारला नव्हता. डॉक्टरांना नाही, तिलाही नाही.

घरी आल्यावर दोन दिवसांनी सासरे आले. आता ते काठीशिवाय चालत नाहीत. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारले, "काय म्हणाले मुंबईचे लोक?"

मी ठरवले होते की यांना सांगायचे. त्या दिवशी जे त्यांच्यासमोर ऐकून घेता आले नाही, ते आता त्यांच्यासमोर बोलायचे. बोललो. दीड महिना म्हणालो, अडीच वर्षे म्हणालो, अक्काला ती काय म्हणाली होती तेही सांगितले. म्हाताऱ्याने मध्ये एकदाही अडवले नाही.

"तुम्ही शेजारी होता, म्हणून मी डॉक्टरांना बोलू दिलं नाही," मी शेवटी म्हणालो.

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मला कळलं होतं ते कशाविषयी बोलणार ते. तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून मी दहा पावलं लांब जाऊन उभा राहिलो होतो, मास्तर. तुम्ही मागे वळून पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते.