आधी आवाज

“डोळे घरी ठेवून आलात काय, बाई?” असं ओरडत होतो मी, आणि आवाज असा की मंडईतले कांदे पोत्यातून उठून बसले असतील. खरं तर गाडी मागे घेत होतो मीच, आरशात पाहिलं नव्हतं तेही मीच. पण आपल्याकडे टक्कर झाली की चूक कोणाची हे आवाजावर ठरतं. जो आधी ओरडेल तो निर्दोष. आणि या विद्येत मी दहा गावांचा उस्ताद! जमलेल्या लोकांनीही माझ्याच बाजूने माना डोलावल्या.

त्या बाई आडव्या पडलेल्या स्कूटरशेजारी रस्त्यावर बसून होत्या, एका हाताने दुसरं मनगट धरून. मी मात्र बंपरवरचा तांदळाएवढा ओरखडा लोकांना वीतभर करून दाखवत होतो. मग ते मनगट दिसलं, टम्म सुजलेलं, आणि माझा आवाज कुठल्या कुठे गेला. अपघातानंतर विचारायचा पहिला प्रश्न केवढासा असतो! माझ्या तोंडी तो सगळ्यात शेवटी आला, जिंकून झाल्यावर.

वाकून विचारलं, “ताई, लागलं का हो?”

“हो,” त्या म्हणाल्या. “मघाशीच सांगितलं. तुम्ही बोलत होतात.”