बिनखिळ्याचा स्तूप

...तर त्या औषधाच्या खोक्याचं सांगायचं राहिलंच की. निपाणीत एका दुकानाबाहेर ते रिकामं पडलं होतं, आणि कृष्णात ते बगलेत मारून घरी घेऊन आला. बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे कप्पे असतात ना, त्यांच्यावर त्याचा डोळा होता. एका पट्टीला निम्म्यापर्यंत वरून चीर, दुसरीला निम्म्यापर्यंत खालून. चिरीत चीर घातली की दोन्ही उभ्या राहतात, गोंद नाही की दोरा नाही. उपसल्या की पुन्हा पत्त्यांगत चवड. कृष्णात चुलीपुढं बसून घालतोय आणि काढतोय, घालतोय आणि काढतोय. शेवटी त्याची बायको तानीबाई म्हणाली, "अवो, खोकं खानार हाय का भाकरी?"

कृष्णातचा धंदा फोटोच्या चौकटी करण्याचा. तारेगत बारीक पात्याच्या करवतीनं तो फळीतून वेलबुट्टी अशी कोरायचा की बघणाऱ्याला वाटावं, लाकूड नव्हे, पीठच कापलंय. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या भीमजयंतीनं त्याची झोप उडवली होती. त्या साली गल्लीनं कामट्या आणि कागदाचा मोठा स्तूप केला. गल्लीत सगळ्यांनी कौतुक केलं आणि उचलून न्यायला गेले, तर गल्लीच्या तोंडाला तो अडकला. मायाप्पांच्या घराची पायरी एकीकडं, विजेचा खांब दुसरीकडं. ओढाताणीत घुमट चेपला, छत्र तुटलं, आणि तसाच तो मिरवणुकीत न्यावा लागला. पलीकडच्या गल्लीतला भरमू चौकात उभा होता. त्यानं विचारलं, टोपल्यात कोंबड्या किती आहेत म्हणून. चौक हसला. स्तूपाचा आराखडा कृष्णातचाच होता, त्यामुळं ते हसू त्याच्याच अंगाला चिकटलं.

म्हणून पुढच्या साली जयंतीच्या बैठकीत त्यानं उभं राहून शब्द दिला, स्तूप गल्लीतनं आडवा जाईल आणि चौकात गाडीवर उभा राहील, लाकडाला एक मोळा ठोकणार न्हाय. मायाप्पा गल्लीतले वडीलधारे, त्यांनी मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, शब्द मोठा हाय बाबा, गाडीपेक्षा मोठा.

कृष्णातनं आधी पुठ्ठ्याचा स्तूप केला, ओंजळीत मावेल एवढा. मग प्लायवूड आणलं. घुमटाच्या आकाराच्या उभ्या फळ्या कापल्या, त्यांच्या कडांना पायरीपायरीनं खाचा. त्या खाचांत वरून बसवायच्या आडव्या गोल चकत्या, तळाला थोरली, वर जाईल तशी धाकटी. सगळ्यांच्या मधून छत्राचा दांडा खाली उतरायचा; तो बसला की कुठलीच फळी हलायची नाही. खाच बरोबर फळीच्या जाडीएवढी. अंगणात त्यानं एकदा जोडून दाखवला, तेव्हा तानीबाईनं शेजारणीला बोलावून आणलं, शेजारणीनं तिच्या शेजारणीला.

मग फळ्या सुट्या केल्या, गल्लीला रंग लावायला सांगितलं आणि तो आठवडाभर बोरगावला एका घराच्या दारांच्या चौकटी बसवायला गेला; असली कामंही तो घ्यायचा. आता त्या गल्लीची रीत अशी, की जयंतीच्या कामाला घरटी हात लागला पाहिजे. वर्गणी दिली तरी हात लागायचा तो लागायचाच. पहिल्या घरानं पांढरा तेलरंग दिला. तो वाळला, तसा दुसऱ्यानं त्यावर दिला, आमचा हात राहिला म्हणून. मग तिसऱ्यानं. आणि खाचा कोऱ्या ठेवल्या तर कुचराई केल्यासारखं दिसेल, म्हणून बायकांनी काडीला चिंधी गुंडाळून खाचांच्या आतसुद्धा मन लावून रंग भरला.

जयंतीच्या सकाळी कृष्णात परत आला तेव्हा फळ्यांची चवड चौकातल्या गाडीवर चढली होती, दुधागत पांढरी. त्याला आनंद झाला. त्यानं पहिली चकती उचलली आणि खाचेवर ठेवली. ती बसेना. दुसरी घेतली, ती तर टेकेनासुद्धा. मागं दुसऱ्या गल्ल्यांच्या गाड्या थटल्या होत्या. लेझीमवाले थांबले. भरमू पुढं आलाच. "कृष्णात, यंदा टोपलं विणायचं ऱ्हायलंय जणू," तो म्हणाला.

मायाप्पांनी कुणाकडून तरी हातोडी मागून आणली. मोळं मार आणि मोकळा हो, शब्दाचं आपण बघून घेऊ, असं ते हळूच म्हणाले. कृष्णातनं हातोडी घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि गाडीखाली ठेवून दिली. ठोकलं असतं तर फळ्या उभ्या फाटल्या असत्या, आणि स्तूप पुन्हा टोपल्यावर गेला असता. त्यानं तानीबाईला घरी पिटाळलं, फोटोच्या चौकटींच्या काचांचे तुकडे आणायला. सुतार लोक लाकूड गुळगुळीत करायला काचेनं खरवडतात, ते तिला माहीत होतं. ती पाटीभर तुकडे घेऊन आली, आणि मागनं तिनं सगळी गल्ली आणली.

कुणी कुठली फळी रंगवली ते ज्याच्या त्याच्या ध्यानात होतं. तुकड्यांना चिंध्या गुंडाळून बाया-माणसं चौकातच बसली आणि खरवडू लागली, फक्त खाचेच्या आत, बाहेरच्या रंगाला ओरखडा न पाडता. त्यातल्या शालूबाईचं बोट कापलं, तर ती म्हणाली, माझा हात आता खरा लागला. कृष्णात एकेक फळी घेऊन बघायचा आणि परत द्यायचा, "अजून नखभर."

मग चकत्या बसू लागल्या. टक्, टक्. घुमट वर चढत गेला, भोवतीनं कठडा फिरला, आणि कृष्णातनं गाडीवर उभं राहून छत्राचा दांडा सोडला, तो सरळ तळापर्यंत गेला. त्यानं स्तूपाला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. गाडी हलली, स्तूप नाही. लेझीम पुन्हा सुरू झाली. भरमूनं गाडीला फेरी मारून खिळा शोधला, मग वाकून आत बघितलं, आणि टोपी काढून बगलेत धरली.

गाडी चालू लागली तेव्हा मायाप्पा शेजारी चालता चालता म्हणाले, खाचा रंगवून आम्हीच घोळ केला, पुढच्या सालापासून रंग तू एकट्यानंच लाव, गल्लीला आवरायचं माझ्याकडं लागलं. कृष्णात वर छत्राकडं बघत होता. तो म्हणाला, "न्हाय आप्पा, सगळ्यांनी लावा, पायजे तेवढा लावा. खाच मी रुंद काढतो. फळीची जाडी बरोबर धरलती, गल्लीची धरायची ऱ्हायलती."